कांद्याच्या सालीत पेशीपटल कसं ‘पकडायचं’

आधीच सांगते, शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली पेशीपटल, म्हणजे पेशीतल्या द्रवाभोवतीचं पातळ आवरण, दिसत नाही. ते जेमतेम ७ ते १० नॅनोमीटर जाड आणि प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसत नाही, त्यामुळे कांद्याच्या सालीत ज्या विटांसारख्या चौकटी दिसतात ती पेशीभित्तिका, म्हणजे पटलाच्या बाहेरची टणक भिंत, असते आणि अर्धा वर्ग तिलाच बाण काढून ‘पेशीपटल’ लिहितो. पण पटल काय काम करतं ते मात्र मस्त बघता येतं.

लाल कांदा घ्या, पांढरा नको. पाकळीच्या बाहेरच्या फुगीर बाजूची जांभळी साल ब्लेडने हलकी चीर देऊन चिमट्याने सोला. आतल्या बाजूची साल पटकन निघते पण तिला रंग नसतो, म्हणून थोडा त्रास घ्या. स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यात साल, वर कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडायची, नाहीतर बुडबुडे येतात आणि लोक त्यांनाच पेशी समजून चित्र काढतात. १०एक्सची लेन्स पुरे. पेशी कडेपर्यंत जांभळ्या भरलेल्या दिसतील, हा रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीच्या आतल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीतला.

आता १०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद टेकवा, म्हणजे साधं पाणी ओढलं जाऊन खारं पाणी आत येतं. स्लाइड हलवू नका, बघत राहा. काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत आकसतो आणि रंग आणखी गडद होतो. हेच प्लाझ्मोलिसिस. पेशीतलं पाणी परासरणाने (पटलातून जास्त खाऱ्या बाजूकडे ओढलं जाऊन) बाहेर गेलं पण रंग आतच अडकला, कारण पटलं पाण्याला वाट देतात, मीठ आणि रंगाला सहजासहजी देत नाहीत. आणि मधे जी मोकळी जागा दिसते ना, ती रिकामी नसते हां, तिथे खारं पाणी असतं, कारण भित्तिका मिठाला अडवतच नाही! अडवणारं पटल त्या आकसलेल्या गोळ्याच्या कडेला आहे, बाण तिथे काढायचा.

मग त्याच पद्धतीने परत साधं पाणी सोडा, फार उशीर केला नसेल तर गोळा पुन्हा फुगतो. खूप वेळ खाऱ्या पाण्यात ठेवलं तर पेशी मरतात, मग काही होत नाही.

शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सालीचा दुसरा तुकडा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका. पाण्यात रंग उतरेल आणि साल फिकी पडेल, कारण उष्णतेने पटलं फाटली. आता त्याच्यावर कितीही खारं पाणी सोडा, चौकटी तशाच उभ्या राहतात पण आत काही आकसत नाही.