पूडल कुत्र्याचे केस गुंतू नयेत म्हणून काय करायचं
पूडलचे केस फारसे गळत नाहीत पण वाढतच राहतात, आणि सुटलेला केस आतच अडकून गाठी होतात, म्हणून रोज नाहीतर एक दिवसाआड विंचरायलाच हवं. नुसता वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही, एका हाताने केस वर धरायचे, खालून एकेक ओळ सोडत मुळापर्यंत ब्रश न्यायचा, मग स्टीलचा कंगवा घालायचा, अडकला की तिथे गाठ आहे समजा. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आधी बघा. अंघोळ गाठी सोडवल्यावरच, ओल्या झाल्या की आणखी घट्ट बसतात. कटिंग 4 ते 6 आठवड्यांनी. मुळात हा पाण्यातून शिकार आणणारा कुत्रा, त्याला नुसता शोभेचा समजू नका प्लीज, रोज भरपूर पळवा. अंघोळीनंतर कान नीट कोरडे करा, ओल राहिली की इन्फेक्शन होतं.