ओव्हरलोड रिलेतील द्विधातू पट्ट्या जुळवताना
बेळगावच्या उद्यमबागेतील कारखाना असो वा निपाणीकडील उसाला पाणी देणारी मोटार, मोटारीने जास्त प्रवाह ओढल्यास तिला बंद करणाऱ्या थर्मल ओव्हरलोड रिलेची द्विधातू पट्टी (कमीजास्त प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी) तापल्यावर कमी प्रसरण पावणाऱ्या धातूच्या बाजूकडे वाकते, त्यामुळे ती बाजू सरकपट्टीकडेच (वाकलेली पट्टी जिला ढकलते ती दांडी) ठेवून पट्टी बसवावी. थंड अवस्थेत तिन्ही फेजच्या पट्ट्यांची टोके सरकपट्टीपासून समान अंतरावर असावीत. एखादे पुढे राहिल्यास तिन्ही फेज शाबूत असूनही रिले उगाच पडू (ट्रिप होऊ) शकतो. पक्कडीने पट्टी वाकवून अंतर जुळवू नये (हा उद्योग पुष्कळ जण करतात), कारण त्याने धातूत ताण राहून कॅलिब्रेशन (ठरल्या प्रवाहाला पडण्याची जुळणी) बिघडते. शेवटी रिलेचे तिन्ही पोल (प्रत्येक फेजचा प्रवाहमार्ग) एकसर जोडून रिलेवर लावलेल्या प्रवाह-सेटिंगच्या १.०५ पट प्रवाह दोन तास द्यावा, रिले पडता कामा नये, लगेच १.२ पट केल्यावर मात्र तो दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे.