फिडलहेड आधी उकडा, मगच फोडणीला टाका

मे महिन्यात कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात बाजारात फिडलहेड येतात. ऑस्ट्रिच फर्नचे हे कोवळे, न उलगडलेले कोंब. घेताना घट्ट गुंडाळीचे घ्या. देठाच्या आतल्या बाजूला पन्हळीसारखी खोल खाच दिसायला हवी. रानातून स्वतः खुडायच्या फंदात नवख्याने पडू नये, कारण ब्रॅकनसारखी विषारी फर्नही तिथेच उगवते.

कागदासारखा तपकिरी पापुद्रा बोटांनी चोळून काढा. तो गुंडाळीच्या आत अडकून बसतो, म्हणून तीन-चार पाण्यांतून धुवा. देठाचं काळं टोक कापून टाका.

आता खरं काम. भरपूर उकळत्या पाण्यात 15 मिनिटं शिजवा, किंवा 10 ते 12 मिनिटं वाफवा. पाणी फेकून द्या, आमटीत अजिबात वापरू नका. नुसतं परतून, करकरीत ठेवून खाल्लं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. 1994 साली न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात असे बरेच लोक आजारी पडले होते.

निथळून तेलात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, मीठ घालून परता. चव साधारण फरसबीसारखी. वरून ओलं खोबरं छान लागतं, लिंबूही चालेल.