शिकारीचा शॉट मिळाला, पण सिक्वेन्स कुठाय?

आफ्रिकेतल्या सिंह-चित्ता-बिबट्यांच्या डॉक्युमेंटरीत काम करायचंय असं म्हणणारी जी मुलंमुली भेटतात त्यांचा पहिला प्रश्न हमखास कॅमेऱ्याचा असतो. कुठली बॉडी घेऊ, किती एमएमची लेन्स घेऊ. काहीही घेऊ नका. केनियातल्या मसाईमारात मोठ्या प्रॉडक्शनवर जी ५०-१००० एमएमची सिने लेन्स चालते ती एखाद्या चांगल्या गाडीपेक्षा महाग असते, प्रॉडक्शन ती भाड्यानं आणतं आणि तुमच्या हातात यायला काही वर्षं जातात. मी आधी मुंबईत बसून रशेस लॉग करायचे, म्हणजे दुसऱ्यांनी केनियात शूट केलेलं फुटेज बघून कुठल्या क्लिपमध्ये काय आहे ते लिहून ठेवायचं, मग कॅमेरा असिस्टंट म्हणून फिल्डवर गेले, आणि शिकणं अजून चालूच आहे. ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त रडवलं ती सविस्तर लिहिते, बाकीचं पटापट.

ती गोष्ट म्हणजे शिकारीचा शॉट. नवीन माणसाला वाटतं चित्ता पळाला, गॅझेल पडलं, आपण ते फोकसमध्ये पकडलं की काम झालं. नाही होत. चित्त्याची धाव एक मिनिटही टिकत नाही, आणि समजा त्यातली ८ सेकंदं तुम्हाला सेकंदाला १०० फ्रेम्सवर धारदार मिळाली तर २५ फ्रेम्सवर वाजवताना त्याची ३२ सेकंदं होतात. बस, एवढंच. आता एडिटर विचारणार की ही मादी आली कुठून, गॅझेलनं तिला कधी बघितलं, तेव्हा पिल्लं कुठे होती, कळप किती लांब होता, आणि यातल्या एकाही प्रश्नाला तुमच्या कार्डवर उत्तर नसेल तर ती ३२ सेकंदं नुसती सुंदर दिसतात, सिक्वेन्स, म्हणजे शॉटला शॉट जोडून सांगितलेली गोष्ट, होत नाही. मी यात अख्खा एक सीझन अडकले होते.

म्हणून सांगते, मादी वारुळावर बसून लांब बघायला लागली की तिथपासूनच तुमचं शूट सुरू होतं. आधी वाइड, म्हणजे सगळा परिसर दाखवणारा शॉट, आणि तोही असा की मादी आणि गॅझेल एकाच फ्रेममध्ये दिसले पाहिजेत, कारण दोघांमधलं अंतर बघणाऱ्याला तिथेच कळतं आणि हे खरंच एकाच वेळी घडलं याचा पुरावाही तोच शॉट असतो. मग तिचे डोळे, गवतात पडणारे पंजे, खाली झुकलेली मान. मग थॉमसन गॅझेल चरताना, मग त्याचे ताठ झालेले कान, पाय आपटणं. मग मागे गवतात दबून बसलेली पिल्लं. धाव संपल्यावर तर कॅमेरा अजिबात बंद करू नका, खरं काम तिथून पुढे असतं, कारण ती धापा टाकत कितीतरी वेळ नुसती बसते, सारखी आजूबाजूला बघते, चिमणीसारखा बारीक आवाज काढून पिल्लांना बोलावते, वर गिधाडं फिरायला लागतात आणि त्यांच्यावर नजर ठेवून तरस येतो. तरस आला की बहुतेक वेळा ती शिकार सोडून देते. हा शेवट मिळाला तर लोकांना चित्त्याचं आयुष्य कळतं, नुसता वेग नाही.

यात दोन गोष्टी छळतात. एक म्हणजे दिशा आणि उजेड. मसाईमारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सूर्य झपाट्यानं वर चढतो, साडेनवानंतर जमिनीवरून गरम हवा उठायला लागते आणि लांब लेन्समधून सगळं पाण्याखाली असल्यासारखं थरथरतं. सकाळच्या शिकारीला दुपारचे कटअवे, म्हणजे मध्ये घालायचे इतर शॉट, जोडले तर सावल्या चुगली करतात. मादी डावीकडून उजवीकडे पळत असताना गाडी पलीकडच्या बाजूला नेलीत तर पडद्यावर ती उलटी पळते.

दुसरी म्हणजे प्राण्याची ओळख. चित्त्याचे ठिपके डाव्या बाजूला वेगळे आणि उजव्या बाजूला वेगळे, शेपटीची वलयंसुद्धा प्रत्येकाची निराळी. सिंहांची ओळख मिशांच्या ठिपक्यांवरून आणि कानांच्या फाटक्या कडांवरून पटते. पहिल्या भेटीतच दोन्ही बाजू आणि चेहरा शांतपणे शूट करून आयडी बनवा, आणि लॉगमध्ये नाव, वेळ, जागा, चालण्याची दिशा, उजेड कुठून हे सगळं त्याच दिवशी लिहा, उद्यावर ढकललं की गेलं. हे नसेल तर नंतर कुणीतरी म्हणणारच की दुसऱ्या मादीचा क्लोजअप टाकू, कोणाला कळतंय. मला हे मान्य नाही. आईची गोष्ट सांगताना मध्येच तिसऱ्याच मादीचा चेहरा लावणं ही फसवणूक आहे, मग सांगणारा कितीही सीनियर असो. आवाजाचं वेगळं, एवढ्या लांबून पंजाचा आवाज माइकला मिळतच नाही, तो नंतर स्टुडिओत बनवतात आणि धंद्यातल्या सगळ्यांना ते माहीत असतं. पण पहाटेचे पक्षी, वारा, लांबची डरकाळी, एवढं तरी जागेवर रेकॉर्ड करून आणा.

हे वाचून घाबरू नका. याची प्रॅक्टिस आफ्रिकेत न जाता होते. पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट आहेत, माळरान तसंच उघडं, ऊन तसंच कडक, हवा तशीच थरथरते. एक काळवीट धरा आणि साध्या कॅमेऱ्यावर त्याच्या एका सकाळचा तीन मिनिटांचा सिक्वेन्स कापून दाखवा. ताडोबातल्या वाघाच्या एका भारी शॉटपेक्षा मला हा सिक्वेन्स बघायला जास्त आवडेल, आणि काम देणाऱ्यालाही.

आता शॉर्टकट. दक्षिण आफ्रिकेत ‘सिंहाच्या पिल्लांना सांभाळा, सोबत व्हिडिओ बनवायला शिका’ अशा टाइपचे पैसे भरून करायचे व्हॉलंटियर प्रोग्रॅम असतात. जाऊ नका. कुठल्याही परिस्थितीत जाऊ नका. ती पिल्लं आईपासून लवकर तोडलेली असतात, अनाथ असल्याचं सांगतात पण बऱ्याच ठिकाणी पैदास त्यासाठीच होते, आणि मोठे झाले की यातले कितीतरी सिंह कुंपणात सोडून हौशी शिकाऱ्यांकडून मारले जातात, हाडंही परदेशी विकली गेली आहेत. बंदिस्त सिंहांची पैदास थांबवायची असं तिथल्या सरकारनंही २०२१ मध्ये जाहीर केलं. तुमच्या शोरीलमध्ये, म्हणजे कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, मांडीवर सिंहाचं पिल्लू दिसलं तर या क्षेत्रातली चांगली माणसं तुम्हाला दारातूनच परत पाठवतील.

फोटो टूर हा दुसरा शॉर्टकट, तो वाईट नाही पण तिथे गाडी एका साइटिंगवरून दुसऱ्या साइटिंगवर पळत असते, आपल्याला एकाच प्राण्यापाशी दिवसभर बसायचं असतं. सिंह दिवसातले वीसेक तास पडूनच असतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे, अमेरिकेतल्या मोंटानाचे वाइल्डलाइफ फिल्मचे कोर्स चांगले आहेत, ओळखी होतात, पण कर्ज काढून जाण्याआधी वर्षभर लॉगिंग करा, शंभर तासांचे रशेस बघितल्यावर जे कळतं ते फी भरून कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि गुरू म्हणाल तर ड्रायव्हर-गाइड. केनियात गाइड लोकांच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात, त्यातला अनुभवी माणूस सिंहिणीच्या आईला आणि आजीला ओळखत असतो. गाडी कुठे लावायची हे त्यांनाच ठरवू द्या, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव यावं म्हणून भांडा.

जमिनीबद्दलही त्यांनाच विचारा. डिसेंबर २०१५ मध्ये मारातल्या मार्श प्राइड या सिंहांच्या कळपावर विषप्रयोग झाला, बिबी नावाची म्हातारी सिंहीण गेली, कारण गुरं चरायला रिझर्व्हमध्ये येत होती, सिंह ती मारत होते आणि कोणीतरी मेलेल्या गुरात कीटकनाशक घातलं. टीव्हीवर सिंहांना नावं देऊन जगभर प्रसिद्ध करणाऱ्या फिल्म्समध्ये हे गुराखी जवळजवळ दिसतच नाहीत. मला याचा राग येतो. फ्रेममधून माणूस काढून टाकला की सिंह का मरतोय हे कोणालाच कळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, लागतो, पण टुरिस्ट ईटीएवर शूटिंगचं काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा पास लागतो आणि फिल्मिंग लायसन्स तिथल्या नोंदणीकृत एजंटमार्फत निघतं. शिवाय मुख्य रिझर्व्ह नारोक काउंटीचं, मारा ट्रँगल २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सीकडे, आणि बाहेरच्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनी, मसाई जमीनमालकांकडून भाड्यानं घेतलेल्या, प्रत्येकाची परवानगी वेगळी, रस्ता सोडायचे आणि रात्री फिरायचे नियम वेगळे. परवानगीशिवाय ड्रोन बॅगेतसुद्धा नेऊ नका. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, नाहीतर परतल्यावर विमानतळावरून थेट क्वारंटाइन.

आणि पहिलं काम मिळालं म्हणून आनंदात सही करू नका. दिवसाचे पैसे किती, पावसात बसून राहिलेल्या दिवसांचे मिळणार का, विम्यात दुखापत झाली तर नैरोबीपर्यंत विमानानं उचलून नेणं धरलंय का, हे विचारा. विचारलं म्हणून काम जात नाही, माझं कधी गेलं नाही. उत्तर मात्र ईमेलवर घ्या.