मेन बॅटरी ७८ टक्के, तरी गाडी ठप्प (माझा अनुभव)

आठ दिवस माझी इलेक्ट्रिक गाडी उभी होती, सकाळी बघतो तर दरवाजाच उघडेना. रिमोटचा सेल बदलला, फरक शून्य. शेवटी किल्लीने उघडली तर स्क्रीन काळीठिक्कर. अ‍ॅपमध्ये शेवटचा आकडा ७८ टक्के, म्हणजे मेन बॅटरीच गेली की काय, पोटात गोळाच आला राव. मग मल्टिमीटरने १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासली तर फक्त १०.८! फुल चार्ज असेल तर साधारण १२.६ दाखवते. गंमत अशी की मोठीत कितीही चार्ज असू दे, तिला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (म्हणजे मोठे स्विच) ह्या छोटीवरच चालतात, ही बसली की सगळंच बसलं. मॅन्युअल बघून छोटीला जंप स्टार्टर (बाहेरून करंट देणारा पॅक) लावला, गाडी जागी झाली, मग तासभर ऑन ठेवली म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठीचं व्होल्टेज कमी करून देणारा भाग) छोटीला चार्ज करतो. छोटीचा चार्ज खाणारा चोर निघाला डॅशकॅम (काचेमागचा कॅमेरा), गाडी उभी असतानाही पार्किंग मोडवर रात्रंदिवस चालू, आणि वर मी दर तासाला अ‍ॅप उघडून चार्ज बघणार, त्यानेही गाडी झोपेतून उठते. डॅशकॅमची वायर गाडी बंद झाली की बंद होणाऱ्या फ्यूजवर घेतली. तरी दोन दिवसांत परत ११.९, बॅटरी चार वर्षं जुनी होती, शेवटी नवीनच टाकली.