कनेक्टिव्हिझम ही अध्ययन उपपत्ती आहे का? विषय घेतलाय तर या चुका टाळा

शिक्षणशास्त्राचे लघुप्रबंध आणि सेमिनार पेपर तपासत बरीच वर्षं झाली, आणि कनेक्टिव्हिझमवर दर वर्षी दोन-चार तरी येतातच. कनेक्टिव्हिझम म्हणजे ज्ञान माणसं आणि साधनं यांच्या जाळ्यात पसरलेलं असतं आणि शिकणं म्हणजे त्या जाळ्यात जोडण्या करणं, असं मानणारा विचार. त्याला अध्ययन उपपत्ती, म्हणजे शिकणं कसं घडतं ते उलगडणारा सिद्धांत, म्हणायचं का हा वाद आहे. विषय मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो.

पहिली चूक पहिल्याच पानावर होते. कनेक्टिव्हिझम मांडणाऱ्या जॉर्ज सीमेन्स यांनी डिसेंबर २००४ मध्ये आपला लेख ऑनलाइन टाकला, २००५ मध्ये तो जर्नलमध्ये आला, आणि त्याच्या नावातच 'डिजिटल युगासाठी अध्ययन उपपत्ती' असं म्हटलंय. झालं, मुलं तेवढं वाचतात, 'कनेक्टिव्हिझम ही आधुनिक अध्ययन उपपत्ती आहे' असं ठोकून देतात आणि पुढे जातात. अहो, भांडण त्यावरच तर आहे! २००६ मध्येच व्हेरहागेन यांनी आक्षेप घेतला की यात शिकणं कसं घडतं ते सांगितलेलंच नाही, काय शिकावं आणि कशासाठी शिकावं एवढंच आहे, म्हणजे हा अभ्यासक्रमाच्या पातळीवरचा विचार झाला. २००८ मध्ये कॉप आणि हिल यांनीही हेच म्हटलं की नव्या अध्यापनपद्धती घडवण्यात याचा वाटा आहे, पण वेगळी उपपत्ती मानावी इतकं यात दिसत नाही. हे दोन्ही न वाचता प्रकरण दोन लिहायला बसू नका.

मी काय करायला लावते ते सांगते. एका कोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहायचे: शिकणं कसं घडतं, त्यावर कशाचा परिणाम होतो, स्मृतीचं काम काय, एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कसं वापरता येतं, आणि कोणत्या प्रकारचं शिकणं यातून नीट उलगडतं. अर्टमर आणि न्यूबी यांनी १९९३ मध्ये वर्तनवाद, कॉग्निटिव्हिझम आणि ज्ञानरचनावाद याच प्रश्नांवर तपासले होते. सीमेन्सनी नंतर स्वतः कनेक्टिव्हिझमसाठी असा तक्ता भरला, त्यात संक्रमणाच्या, म्हणजे शिकलेलं दुसरीकडे वापरण्याच्या, रकान्यात उत्तर आहे नवे नोड (जाळ्यातले बिंदू, म्हणजे माणसं किंवा माहितीचे स्रोत) जोडणं. इथे पाच मिनिटं थांबा. अपूर्णांक शिकलेली दोन मुलं नव्या उदाहरणाला भिडतात, एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, मग 'नोड जोडला गेला नाही' म्हटल्याने आपल्याला नवीन काय कळलं? माझ्या मते याच रकान्यात कनेक्टिव्हिझम अडतो, आणि तुमचं मत वेगळं असेल तर ते याच रकान्यात भांडून मांडा, मला आनंदच होईल.

दुसरी चूक म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप काढला की झाला कनेक्टिव्हिझम. एक विद्यार्थिनी आली होती, हुशार, कष्टाळू. प्रायोगिक गटाला ग्रुपवर घेतलं, नियंत्रित गटाला नेहमीसारखं शिकवलं, उत्तर चाचणीत ग्रुपवाल्यांना जास्त गुण, टी-मूल्य सार्थ (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही), निष्कर्ष: कनेक्टिव्हिझम परिणामकारक. मी म्हटलं, अगं तो ग्रुप दाखव बरं. दोघी फोन घेऊन बसलो आणि वर सरकवत गेलो. मॅडमची पीडीएफ, खाली अंगठे, 'थँक यू मॅडम', परत पीडीएफ, परत अंगठे. मग कागदावर सगळ्या मुलांची नावं गोलात लिहिली आणि कोण कोणाशी बोललं त्याचे बाण काढायला लागलो. सगळे बाण एकाच ठिकाणी, शिक्षिकेकडे. मुलामुलांत एकही नाही. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, 'मॅडम, हा तर वर्गच झाला, फक्त फोनवर.'

सीमेन्ससोबत कनेक्टिव्हिझम मांडणाऱ्या स्टीफन डाउन्स यांनी नेटवर्कसाठी चार गोष्टी मागितल्यात: स्वायत्तता, वैविध्य, खुलेपणा आणि परस्पर आंतरक्रिया. तिच्या ग्रुपमध्ये चारही नव्हत्या. आणि चाचणी कशाची घेतली? प्रत्येकाला किती आठवतं याची. ज्ञान जोडण्यांमध्ये पसरलेलं असतं असं म्हणायचं आणि मोजायचं एकेकाचं पाठांतर, हे जुळत नाही. शेवटी निष्कर्षाचं प्रकरण पूर्ण नव्याने लिहावं लागलं, महिनाभर रडवेली झाली होती पोर. तेव्हापासून माझा हट्ट आहे की बाणांचा कागद आधी, प्रश्नावली नंतर. ज्यांना घाई असते ते तयार प्रश्नावली उचलतात आणि तिथेच फसतात.

मूक (MOOC, हजारो जणांसाठी खुला ऑनलाइन कोर्स) म्हणजे कनेक्टिव्हिझम, हेही चूक. २००८ मध्ये सीमेन्स आणि डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातून जो खुला कोर्स चालवला त्यात फी भरलेले साधारण २५ आणि बाहेरून फुकट आलेले २२०० च्या वर होते, आणि मूक हा शब्द त्यातूनच आला. २०११-१२ नंतरचे व्हिडिओ बघा, टेस्ट द्या, सर्टिफिकेट घ्या छापाचे कोर्स वेगळ्या जातीचे, म्हणून पहिल्या प्रकाराला सीमूक आणि या नंतरच्यांना एक्समूक असे दोन शब्द करावे लागले. पहिल्या कोर्सवर २०१० मध्ये आलेला अभ्यासही वाचा, मोकळीक जितकी जास्त तितके काही जण आधाराविना गोंधळतात असं त्यात दिसलं.

'जुन्या उपपत्त्यांत साधनांना जागा नव्हती' हे वाक्य खोडा. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की १९३४ मध्ये वारले, तरी साधनांमधून घडणारा विचार हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. हचिन्स यांनी १९९५ मध्ये जहाजावरच्या माणसांत आणि उपकरणांत वाटलेलं आकलन मांडलं.

'शिकणं मानवेतर उपकरणांतही असू शकतं' हे सीमेन्सचं वाक्य एआय शिकतं याचा पुरावा म्हणून चिकटवू नका, तेच सगळ्यात जास्त वादाचं आहे.

आणि कृपा करून एआयने दिलेल्या सारांशावर प्रकरण उभारू नका. सीमेन्सचा मूळ लेख छोटा आहे, एका बसणीत वाचून होतो. प्रिंट काढा, पेन्सिल घ्या, त्यातल्या आठ तत्त्वांपैकी प्रत्येकासमोर समासात 'कसं' किंवा 'काय' लिहा, म्हणजे हे तत्त्व शिकणं कसं घडतं ते सांगतंय की काय जमायला हवं ते. मग तो कागद घेऊन माझ्याकडे या.