प्रमाण विचलनाचं उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर

रीत बरोबर, उत्तर मात्र वेगळं असेल तर आधी भाजक बघा. ४, ५, ६, ७, ८ घ्या. मध्य (सरासरी) ६, विचलनांच्या (प्रत्येक आकडा वजा मध्य) वर्गांची बेरीज १०. ही पूर्ण समष्टी (अभ्यासायचे सगळेच आकडे) असेल तर ५ ने भागून वर्गमूळ १.४१, नमुना (त्यातले काहीच आकडे) असेल तर ४ ने भागून १.५८. नमुन्याचा मध्य त्याच आकड्यांतून काढल्यामुळे वर्गांची बेरीज कमी भरते, म्हणून भाजक एकाने कमी. बहुतेक कॅल्क्युलेटरवर सिग्मा (σ) म्हणजे पहिलं, एस (s) म्हणजे दुसरं; काहींवर मात्र σn म्हणजे पहिलं, σn-1 म्हणजे दुसरं.

तरीही फरक राहिला तर विचलनांची बेरीज शून्य येते का पाहा. आणि मध्य अपूर्णांकात असेल तर मधेच दोन दशांशांवर आणू नका, शॉर्टकट सूत्रात (आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीतून मध्याचा वर्ग वजा करतात त्यात) तर मुळीच नाही. तिथे ती चूक फार फुगते. पूर्ण आकडा मेमरीत ठेवा.